वनाआबाच्या पाठीचं कातडं

“कोनले खरं वाटस नही, हाई मी पहिलेच सांगी ठेवस,” वनाआबा म्हणाला. रुपचंदच्या पिठाच्या गिरणीसमोर दळणासाठी थांबलेल्या सात-आठ जणांनी लगेच आपापले डबे पायांशी ओढले आणि ओट्यावर ऐसपैस बसून घेतलं. वनाआबाने तोंड उघडलं की दळण लवकर व्हावं असं कोणालाच वाटत नसे.

“मन्ही पाठनं कातडं,” आबाने एकेक शब्द सुपारीसारखा कातरून टाकला, “मन्ही बायकोना हातवर शे. चार बोटं रुंद, वीतभर लांब. जळगावना डॉक्टरनी काढं, तिले लायी दिधं. आते मन्ही पाठले मच्छर चावना, का ती तठे हात खाजाडस!”

ओटा हसला. रुपचंदने गिरणीचा पट्टाच बंद केला, कारण त्यालाही ऐकायचं होतं.

शिंदखेड्यापासून अडीच कोसांवरच्या चिंचवार गावात वनाआबाच्या थापा नव्या नव्हत्या. एका वर्षी ऊन एवढं तापलं की भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच भाजून निघाल्या आणि गावाने आठ दिवस त्या नुसत्या उकरून खाल्ल्या, ही गोष्ट त्याचीच. मेहरूणच्या तलावातल्या एका म्हाताऱ्या माशाने आपल्याकडे चिमूटभर तंबाखू मागितली, हीसुद्धा. लोक ऐकत, हसत, घरी जाऊन बायकोला सांगत. थाप सांगून झाली की आबाला जेवण गोड लागे. ही एकच थाप अशी निघाली की ती सांगून घरी गेल्यावर घास त्याच्या घशाशी अडकायचा.

त्याला कारण मंजुळाबाई. म्हणजे त्याची बायको, आणि पंचक्रोशीतला मांड्यांचा शेवटचा शब्द.

मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण खानदेशातली. ती पोळपाटावर होत नाही, हातावर होते. पुरण भरलेली मऊसूत कणीक थोडी लाटायची, मग या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत वाढवत न्यायची, ती सुपाएवढी झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायची. मंजुळाबाई हे करताना पाहणाऱ्याचा श्वास अडकायचा. तिचा मांडा इतका पातळ असे की, आबाच्या म्हणण्याप्रमाणे, एकदा तो वाऱ्याने उडून थेट दोंडाईच्याला गेला आणि तिथल्या लोकांनी पाऊस येतोय म्हणून वाळवण आत घेतलं. तेवढं सोडा, पण गावात लग्नाची तारीख भटजींच्या आधी तिला विचारली जाई, हे मात्र खरं होतं.

खापर तापलं की नाही हे ती हातानेच बघायची. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत खापराच्या वर आडवा धरायचा, मनात पाच अंक मोजायचे. तिसऱ्याला चटका जाणवला तर लाकडं मागे ओढायची, पाचव्यालाही नाही जाणवला तर आत सारायची. तीस वर्षं त्या हाताला कधी फोड आला नाही.

आणि तोच हात गेला, तो कुकरने.

अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नाशिकच्या कारखान्यात असलेला मुलगा पंडित सणाला आला, त्याने आईसाठी प्रेशर कुकर आणला. पुरणाची डाळ दहा मिनिटांत, आई! मंजुळाबाईने डाळ लावली, शिट्ट्या मोजल्या, कुकर खाली उतरवला. पंडितने सांगितलं होतं, वाफ पूर्ण जाऊ दे, मग हात लाव. वाफ गेली की नाही हे बघायचं कसं? तिला एकच रीत ठाऊक होती. तिने वरची शिट्टी काढली आणि त्या भोकावर उजवा हात आडवा धरला.

खापराची धग सांगून येते. आधी कोमट, मग गरम, मग चटका. वाफेला ती रीतभात नाही. फस्सकन आली. मंजुळाबाईने हात लगेच काढला असता तर वरवर निभावलं असतं. पण तिच्या हाताला पाच मोजायची सवय. दोनापर्यंत तरी ती मोजून गेली असावी.

घरात धावपळ झाली. भाजल्यावर शाई लावायची, हे गावाला पक्कं ठाऊक. आबाने शाळेच्या मास्तरांकडून निळ्या शाईची अख्खी दौत आणली आणि हातावर ओतली. दुसऱ्या दिवशी कडेकडेने फोड आले, ते भयंकर ठणकत होते. मधला पांढुरका भाग मात्र अगदी शांत. बोट लावलं तरी तिला काही कळेना.

“देख, मधमा दुखस नही,” आबा आनंदाने म्हणाला. “तठे बरं व्हयी गयं.”

गावातल्या शहाण्या माणसांनीही मान डोलावली. दुखत नाही म्हणजे बरं. त्या एका समजुतीपायी बारा दिवस गेले. मधली जागा काळी पडली, वास यायला लागला, तेव्हा कुठे आबाने तिला धुळ्याला नेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी निळा हात धुऊन पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अहो, दुखत नाही हेच वाईट आहे! दुखणं सांगणाऱ्या नसा जळाल्यात इथल्या. हिला जळगावला न्या. तिथे कांकरिया डॉक्टर आहेत, ते कातडं बसवतात.”

कातडं बसवतात! आबाला वाटलं, चपलांचं काहीतरी बोलतायत.

कांकरिया डॉक्टर बारीक आवाजाचे, हसऱ्या डोळ्यांचे. त्यांनी हात तपासला, मग आबाला समोरच्या स्टुलावर बसवून समजावलं, जसं शेतकऱ्याला समजवावं तसं.

“आबा, कातडं म्हणजे एकच पापुद्रा नाही. सगळ्यांत वर जो थर दिसतो ना, तो मेलेल्या पेशींचा. रोज झडतो. आंघोळीला चोळता, मळ निघतो, त्यात निम्मे तुम्हीच असता. त्याच्या तळाशी नव्या पेशी तयार होत राहतात, त्या हळूहळू वर सरकतात, वर येता येता सुकतात, महिनाभराने त्याही झडतात.”

“म्हणजे मी महिन्या-महिन्याला नवा?” आबाने विचारलं.

“वरून नवा. आत तोच.”

“हे माझ्या बायकोला सांगू नका. तिला नव्याची आशा लागेल.”

डॉक्टर हसले. “त्याच्या खाली जाड थर. घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, रक्ताच्या केसासारख्या नळ्या, आणि चटका बसला की ओरडणाऱ्या नसांची टोकं, सगळं तिथे. त्याखाली चरबीची गादी, आणि मग मांस. आता वरचा थर भाजला तर खालून भरून येतो. केळीचं खोड कापलं तर कंदातून कोंब येतो की नाही? पण बाईंच्या हाताचा कंदच जळालाय. तिथून आता काही उगवणार नाही.”

केळीचं नाव निघालं तसं आबाला सगळं लख्ख समजलं, आणि समजलं म्हणून त्याचा चेहरा उतरला.

“मग दुसरीकडचं पातळ कातडं तासून इथे लावायचं. मांडीवरचं घेऊ. तिथला कंद जागेवर ठेवायचा, म्हणजे तिथलं आपोआप भरून येतं.”

आबाने पुढचं ऐकलंच नाही. त्याने उभं राहून बंडीचे बंद सोडले, बंडी काढली, आणि तपासायच्या टेबलावर जाऊन सरळ पालथा पडला. दारातून डोकावणारे दोन पेशंट दचकून मागे सरकले.

“घ्या,” आबा उशीत तोंड खुपसून म्हणाला. “माझ्या पाठीचं घ्या. पाठ मोठी आहे. चांगलं टिकाऊ कातडं आहे, बापाने लहानपणी पुष्कळ तपासून घेतलंय. तिला कुठे कापू नका.”

“आबा, उठा. बंडी घाला.”

“का? वाईट आहे?”

“उत्तम आहे. पण तुमचं आहे.” डॉक्टरांनी त्याला हाताला धरून उठवलं. “अंगाला आपलं-परकं कळतं. तुमचं कातडं तिथे दहा-पंधरा दिवस पाहुण्यासारखं राहील. मग तिचं अंग त्याला हाकलून देईल.”

“तीस वर्षं तिने मला अख्खा सोसला. वीतभर कातडं नाही सोसणार?”

“मनाला विचारलं तर सोसेल हो. पण हे रक्ताला विचारून ठरतं.”

मंजुळाबाई बाकावर बसून हे सगळं बघत होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, त्यामागे ती हसत होती की रडत होती हे आबाला कळलं नाही, आणि तिच्या रक्तावरचा त्याचा राग दोन दिवस गेला नाही.

ऑपरेशन झालं. मांडीवरून कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा काढून हातावर बसवला. हात फळीला बांधला आणि डॉक्टरांनी बजावलं, “पाच दिवस हा हात हलता कामा नये. पहिले दोन दिवस हे कातडं नुसतं खालचा ओलावा पिऊन जगतं. मग खालच्या रक्ताच्या बारीक नळ्या वर येऊन त्याला धरतात. हात हलला की ते धागे तुटले, कातडं मेलं.” मग ते आबाकडे वळले. “आणि तुम्ही. सिस्टर म्हणत होत्या, तुम्ही काल बाईंना मेहरूणच्या माशाची गोष्ट सांगत होतात. त्या हसल्या की हात हलतो. पाच दिवस एकही गोष्ट नाही. फक्त खरं बोलायचं.”

ही शिक्षा ऑपरेशनपेक्षा कठीण होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आबाचा खऱ्याचा साठा संपला. तो खाटेशेजारी बसून राहायचा. मग काही सुचेना तेव्हा तो दिसेल ते खरं सांगू लागला: “खिडकीत चिमणी शे. गयी. आते नही.” तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “मंजुळा, माले भ्याव वाटस.” हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं. तिने डावा हात पुढे केला, त्याने तो धरला. उजवा हलला नाही.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. सिस्टर वाकली, डॉक्टर वाकले, आबा त्या दोघांच्या मधून वाकला. काळपट गव्हाळ हातावर गुलाबी पट्टा, पहाटेच्या आभाळाएवढा कोवळा.

“धरलं,” डॉक्टर म्हणाले.

आबाने सिस्टरच्या पाया पडायचा प्रयत्न केला. ती पळाली. मांडीवरच्या जखमेला डॉक्टरांनी उकळून घेतलेलं केळीचं पान बांधलं होतं, का तर ते चिकटत नाही आणि गार राहतं. आबाने तेही पाहून घेतलं आणि जळगावच्या केळीबद्दल त्याचा ऊर भरून आला. सगळं आनंदाचं चाललं होतं. तेवढ्यात मंजुळाबाई त्या गुलाबी पट्ट्याकडे बघत हळूच म्हणाली,

“आते मन्हा हातनं कोन खाई?”

आबाला एकदम कळलं. स्वयंपाकघरात पायाला, मांडीला लागलेलं अन्न पानात जात नाही. कणीक मळताना गोळा मांडीवर पडला तर तो गुरांचा. आणि मांडा म्हणजे साधं अन्न नव्हे. आखाजीला तो पितरांना जातो, लग्नात देवाला जातो. त्या मांड्याखाली आता मांडीचं कातडं असणार. ताईबाईला हे कळलं तर?

ताईबाई म्हणजे आबाची थोरली बहीण, गावाची अक्का. सोवळ्या-ओवळ्यात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा परातीला चुकून कोणाचा पाय लागला म्हणून तिने पाच शेरांची कणीक म्हशीला घातली होती, आणि आबाच्या सांगण्याप्रमाणे ती म्हैस पुढे तीन दिवस पुरणाचंच दूध देत होती. ह्याच ताईबाईच्या नातीचं लग्न मार्गशीर्षात होतं. मांडे मंजुळाबाईने करायचे, हे नात पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं.

जळगावहून परतताना पॅसेंजरमध्ये समोरच्या बाईने मंजुळाबाईच्या हाताकडे बघून विचारलं, “काय झालं हो?” आणि आबाच्या तोंडून निघून गेलं, “मन्ही पाठनं कातडं शे!”

डबाभर माणसं वळली. आबाने मग ती गोष्ट फुलवली, अमळनेर येईपर्यंत तिला पानं, शिंदखेडा येईपर्यंत फळं. पाठीला कोण नावं ठेवणार? ह्या पाठीवर धान्याची पोती वाहिली, जत्रेत देवाची पालखी टेकली. पाठ म्हणजे सोवळीच वस्तू. मंजुळाबाईने हातावर पदर ओढला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

स्टेशनवर उतरल्यावर ती म्हणाली, “खोटं बोलनात तुम्ही.”

“मी कवय खरं बोलस?”

“आजलोंग तुमनं खोटं हवामा उडी जाये,” ती म्हणाली. “हाई मन्हा आंगवर शे.”

तरी दुसऱ्याच दिवशी तो गिरणीसमोर जाऊन बसला. कारण गावाने काही विचारायच्या आधी गावाला काही सांगून ठेवणं बरं.

मग ती थाप वाढत गेली. आबा चाळीसगावच्या बाजारात थंडीने कुडकुडला, तर इकडे चिंचवारात मंजुळाबाईच्या हातावर काटा आला. आबा पाठीवर झोपला की तिचा हात दबतो, म्हणून तो आता कुशीवर झोपतो. आबा उन्हात कोळपणी करायचा तेव्हा तिच्या हाताला घाम सुटायचा, आणि तो मात्र कोरडाच. वास्तविक त्या नव्या कातड्याला घाम येतच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलंच होतं: त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, तेल सोडणाऱ्याही नाहीत, खोबरेल रोज चोळा, नाहीतर तडकेल. चोळायचं काम आबाकडे होतं. तो रोज सकाळी ओसरीवर बसून ते कातडं असं जपून चोळायचा, जसं काही ते खरंच त्याचं होतं.

पण खरी लढाई स्वयंपाकघरात चालली होती. मंजुळाबाईने कणीक हातावर घेतली आणि तिला कळलं, की तो वीतभर तुकडा मुका आहे. मनगटाला कणकेचा ओलावा कळे, कोपराला वजन कळे, आणि मध्ये नुसती लुगड्याला लावलेल्या ठिगळासारखी जागा. मांडा तिथे पोचला की तिला तो हरवल्यासारखा वाटायचा, आणि तेवढ्यात तो फाटायचा.

“काठाकाठाने संवेदना येईल,” डॉक्टर म्हणाले होते. “नसा बाजूने आत शिरतात. पण सगळी नाही यायची.”

ती रोज सकाळी चार मांडे करायची, चार फाटायचे. ते आबा खायचा. आषाढ गेला, श्रावण गेला. आबाचं पोट असं सुटलं की रुपचंद त्याला म्हणाला, “आबा, जळगावना डॉक्टरनी पाठनं कातडं काढं आनी पोटले लायं का काय?” आबा हसला, घरी जाऊन पुन्हा चार मांडे खाल्ले. फाटलेला मांडा एकही बाहेर जाऊ दिला नाही.

काठाकडून खरंच जाग येत गेली. आधी बोटभर. मग दोन बोटं. मधला ढब्बू पैशाएवढा भाग तसाच मुका राहिला, पण मंजुळाबाई त्याच्याभोवतीने मांडा न्यायला शिकली, जशी बैलगाडी वाटेतल्या दगडाला वळसा घालते. कार्तिकात एके सकाळी तिने एक मांडा खापरावर टाकला. तो पूर्ण होता. आबाने तो उजेडाला धरला, पलीकडून त्याला मंजुळाबाईचं नाकातलं लवंगेसारखं फूल दिसलं. त्या दिवशी आबा गिरणीवर गेला नाही. गेला असता तर खरं बोलून बसला असता.

आता उरली ताईबाई. ती एकदा येऊन हात बघून गेली होती. बोटाने तो पट्टा दाबून पाहिला, मग आबाला विचारलं, “वन्या, कोन्ही बाजूनं काढं?”

“डावी,” आबा म्हणाला.

आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं तेव्हा तो “उजवी” म्हणाला. ताईबाईने नुसतं “हं” केलं. लग्नात खापरावर कोण बसणार, हे ती काही बोलली नाही. उलट तिने अमळनेरकडची एक भागाबाई नावाची मांडेवाली बोलावल्याचं कानावर आलं. त्या दिवसापासून आबाचा घास घशाशी अडकू लागला. त्याच्या तोंडची एक थाप, आणि तिच्यावर मंजुळाबाईची तीस वर्षं तोललेली.

लग्नाच्या आदल्या सकाळी ताईबाईच्या मागच्या अंगणात तीन खापरं चढली. बायकांचा गराडा, पुरणाचा वास, धूर. भागाबाई एका खापरापाशी बसली होती. मधलं, सगळ्यांत मोठं खापर रिकामं होतं. मंजुळाबाई आली, कोणी बस म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही. तीच बसली. तिने हात धुतले, बाही वर सारली, तो पट्टा उजेडात आला.

“वं माय! हातले काय व्हयनं हाई?” भागाबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

अंगणाच्या दाराशी लाकडं फोडत असलेला आबा कुऱ्हाड टाकून आत आला. बायकांच्या कामात पुरुषाने शिरायचं नसतं, पण तो शिरला. “मी सांगस!” तो म्हणाला, आणि त्याने पाठ, पालखी, डॉक्टर, टेबल, मच्छर, चाळीसगावची थंडी, सगळं एका दमात सांगितलं. त्यात एक नवीन भर घातली: परवा तो ओझं उचलताना वाकला, तर इकडे हिचा हात कुरकुरला. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मंजुळाबाईने खाली मान घालून पुरण भरलं, कणीक लाटली, हातावर घेतली आणि झेलायला सुरुवात केली.

“आसं?” ताईबाई उठली. ती आबाच्या मागे गेली आणि तिने बंडीवरून त्याच्या पाठीला असा चिमटा काढला की तो चवड्यांवर उभा राहिला.

सगळ्या बायकांनी मंजुळाबाईच्या हाताकडे बघितलं. हात हलला नाही. मांडा मनगटावरून कोपराकडे शांत सरकत होता.

“जरा येळ लागस,” आबा कळवळून म्हणाला. “तार जावाले लागस ना, अक्का. इथून तठलोंग.”

“तार?” भागाबाई म्हणाली. “आबा, बंडी काढा. वण दखाडा म्हंजे झायं.”

आबाचे हात बंडीच्या बंदांवर गेले आणि तिथेच राहिले. त्याने गावाला शेंगा जमिनीत भाजून खायला घातल्या होत्या, माशाला तंबाखू दिली होती. पण आता त्याच्याजवळ एक शब्द उरला नव्हता. त्याला घाम फुटला. तोही पाठीलाच.

“सोडा त्यासले,” मंजुळाबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिन्ही खापरांपाशी पोचला. तिने मान वर केली. मांडा तिच्या दोन्ही हातांवर सुपाएवढा ताणलेला होता, खालून गुलाबी पट्टा झिरपत दिसत होता.

“त्या खोटं बोली राहिनात. कातडं त्यासनं नही. मन्हं शे, मन्ही मांडीनं. त्या द्यावाले तयार व्हतात, पन मन्ह्या रगतनी घीदं नही. ज्यासले खानं नही व्हयी, त्यासनी भागाबाईना हातनं खावा.”

आबाने डोळे मिटून घेतले. आता कणीक म्हशीला जाणार, असं त्याला वाटलं, आणि मंजुळाबाई पुन्हा कधी खापरापाशी बसणार नाही.

“माले काय सांगी राहिनी तू?” ताईबाई म्हणाली. “पोळाले हाऊ वन्या उघडा व्हयीसन नदीमा बैल धुयी राहिंता, तवय आख्खा गावनी यानी पाठ देखी. डावी बी, उजवी बी. धुयेल परातसारखी शे, एक ओरखडा नही!”

अंगणात हशा पिकला. दाराशी उभा रुपचंद तर खाली बसला.

“मंग अक्का,” मंजुळाबाईचा आवाज कापला, हात कापला नाही, “चार महिना बोलन्यात का बरं नही?”

“त्याना खोटानी माले सवय शे. तू कवय खरं बोलस, त्यानी वाट देखी राहिनू.” ताईबाईने ताट ओढून खापरासमोर बैठक मारली. “आते टाक तो मांडा, फाटी जाई. पहिला देवना. दुसरा मन्हा ताटमा. आनी या लबाडले आज भागाबाईना हातना वाढा.”